गेम बॉयच्या लाइन-आउटमधला हम आणि शिट्टी: सोल्डरिंग आयर्न तापवण्याआधी काय बघायचं

"दादा, लाइन-आउट बसवलं, आवाज मस्त मोठा येतोय, पण मागे सतत घूं करतंय. बहुतेक चिप गेली."

लाइन-आउट म्हणजे आवाज मिक्सरला किंवा लॅपटॉपला थेट देण्यासाठी गेम बॉयला नंतर बसवलेला जॅक. त्यावरून असा फोन मला महिन्या-दोन महिन्यांनी येतोच. कधी कॉलेज रोडवरून, कधी नाशिकरोडहून, एकदा थेट घोटीहून. आणि आजवर एकदाच खरोखर चिप गेलेली निघाली. बाकी सगळ्या वेळी दोष वीजपुरवठ्यात होता, नाहीतर ग्राउंडमध्ये, म्हणजे करंट परत जाण्याच्या सामाईक वाटेत. निम्म्याहून जास्त वेळा तर गेम बॉय उघडावाही लागला नाही. म्हणून हे सगळं एकदा क्रमाने लिहून ठेवतोय, फुकटच्या तपासण्या आधी आणि खर्चाच्या, जोखमीच्या शेवटी.

हे मुख्यतः डीएमजीसाठी आहे, म्हणजे १९८९ साली निंतेंडोने आणलेला पहिला, जाड, राखाडी गेम बॉय. एलएसडीजे किंवा नॅनोलूप या गेम बॉयवर चालणाऱ्या संगीताच्या प्रोग्रॅमवर गाणी करणारे आजही तोच शोधतात, कारण त्याचा खालचा आवाज भरीव आहे. दोन पल्स, एक वेव्ह, एक नॉइज असे चारच चॅनल. इतक्या उघड्या आवाजामागे काहीही लपत नाही. गिटारच्या डिस्टॉर्शनमागे थोडा हम खपून जातो, पण एका पल्स चॅनलवर चाललेल्या संथ सुरामागे तो पांढऱ्या सदऱ्यावरच्या डागासारखा दिसतो.

"मग ईक्यू लावून काप ना" असा सल्ला सर्रास मिळतो, म्हणजे आवाजाचा तेवढाच पट्टा कमी करायचा. मी स्वतः गेम बॉयसोबत नाशिक ढोल रेकॉर्ड करतो. ढोलाच्या जाड बाजूवर ठोका पडला की जो घुमारा उठतो, तो नेमका त्याच पट्ट्यात बसतो जिथे हा हम असतो. हम कापला की ढोलाचं पोट जातं. नॉइज गेट (ठराविक पातळीखालचा आवाज बंद करणारं साधन) लावला तर सूर विझताना मागचा हम कापल्यासारखा तुटतो आणि ते जास्तच कानाला लागतं. दोष उगमापाशीच काढायला हवा.

आधी लक्षण ओळखा

हेडफोन लावा, गाणं थांबवा, आणि नुसतं ऐका. साधारण हे प्रकार आढळतात:

- जाड, खालचा "घूं". लॅपटॉप किंवा मिक्सर जोडल्यावरच येतो. गेम बॉयच्या जॅकच्या धातूला बोट लावलं की कमी-जास्त होतो.
- थोडा वरचा, दातेरी "बर्रर". स्क्रीनवरचं चित्र बदललं की याचाही पोत बदलतो.
- बारीक, सतत शिट्टी. तरुण कानांना आधी ऐकू येते, चाळिशीपुढच्यांना कधीकधी येतच नाही.
- व्हॉल्यूमचं चाक फिरवताना खरखर, चाक थांबलं की शांत.
- एकच बाजू वाजते, किंवा आवाज पोकळ, पातळ येतो.
- मोठा बेस वाजला की स्क्रीन फिकी पडते, कधी मशीन आपोआप रीसेट होतं.

पहिले तीन प्रकार कानाने वेगळे करता आले नाहीत तरी हरकत नाही. फोनवर फुकटचं स्पेक्ट्रम दाखवणारं कुठलंही अ‍ॅप घ्या, किंवा लॅपटॉपवर दहा सेकंद रेकॉर्ड करून स्पेक्ट्रम बघा. माझ्या मते या सगळ्या कामात सगळ्यात मोलाची पाच मिनिटं हीच.

आपल्या घरातली वीज ५० हर्ट्झची. त्यामुळे भिंतीतून आलेला हम ५०, १००, १५० अशा आकड्यांवर उभा दिसतो. गेम बॉयची स्क्रीन मात्र सेकंदाला सुमारे ५९.७ वेळा ताजी होते. म्हणजे स्क्रीनकडून आलेला बर्रर ५९.७ आणि त्याच्या पटींवर दिसतो. प्रत्येक चित्रात १५४ ओळींचा वेळ मोजलेला असतो. ५९.७ ला १५४ ने गुणलं की येतात साधारण ९,२००. बारीक शिट्टी ९.२ किलोहर्ट्झच्या आसपास दिसली तर ती स्क्रीनच्या ओळींची आहे, यात शंका ठेवायचं कारण नाही. तिसरीकडेच कुठे, विशेषतः लोड बदलला की सरकणारी शिट्टी दिसली, तर ती नंतर बसवलेल्या, व्होल्टेज बदलणाऱ्या एखाद्या कन्व्हर्टरची.

अमेरिकेतल्या लोकांना ही सोय नाही. त्यांची वीज ६० हर्ट्झची आणि स्क्रीन ५९.७ ची, दोन्ही रेघा एकमेकींना चिकटून. आपल्याकडे दोघी स्पष्ट वेगळ्या दिसतात, त्याचा पुरेपूर उपयोग करून घ्या. आकडा कागदावर लिहा. पुढची अर्धी वाट त्यानेच ठरते.

गाणी आधी सुरक्षित करा

काही करण्याआधी कार्ट्रिजमधल्या सेव्ह फाइलची कॉपी कॉम्प्युटरवर काढून ठेवा. बहुतेक कार्ट्रिजमध्ये गाणी एका छोट्या बटण-सेलच्या जोरावर टिकतात. वीज हेलकावली, मशीन मध्येच रीसेट झालं, तर ती मेमरी बिघडू शकते. तपासणी करताना आपण मशीन वीसदा बंद-चालू करणार आहोत. एका मुलाचं आठ महिन्यांचं काम असं माझ्या टेबलावरच गेलं, आणि तेव्हापासून कॉपी काढलेली आहे का हे विचारल्याशिवाय मी कुणाचा गेम बॉय चालूही करत नाही.

फुकटच्या तपासण्या

सगळ्या वायरी काढा. नवे सेल घाला, साधा हेडफोन थेट गेम बॉयला लावा. हम गेला? मग मशीन निर्दोष आहे आणि गोंधळ बाहेरच्या जोडणीत आहे. हम राहिला? तर तो आतला. या एका चाचणीने प्रश्नाचे दोन सरळ भाग होतात, म्हणून ती सगळ्यात आधी.

मशीन निर्दोष निघालं तर पुढचं पाऊल म्हणजे लॅपटॉपचा चार्जर भिंतीतून काढा आणि लॅपटॉप बॅटरीवर चालू द्या. पंचवटीतला एक मुलगा दोनदा लाइन-आउट उखडून पुन्हा बसवून माझ्याकडे आला होता. मी त्याच्या लॅपटॉपची पिन काढली आणि घूं त्याच क्षणी बंद झालं. तो बराच वेळ त्या पिनकडे बघत राहिला.

हे का होतं? लॅपटॉपच्या चार्जरमध्ये आतला गोंगाट अर्थिंगकडे सोडण्यासाठी छोटे कपॅसिटर असतात. सॉकेटला अर्थिंगच नसेल, किंवा एक्स्टेन्शन बोर्डात तिसरी वायर जोडलेलीच नसेल, तर तो गोंगाट लॅपटॉपच्या धातूवर येऊन बसतो. लॅपटॉपच्या कडेला हात लावल्यावर ज्या झिणझिण्या येतात, त्या याच्याच. तो मग ऑडिओ केबलच्या ग्राउंडमधून वाट काढतो. अर्थिंग आहे पण मिक्सर एका सॉकेटवर आणि लॅपटॉप खोलीच्या दुसऱ्या टोकाला, तरीही दोन ग्राउंडमध्ये वर्तुळ तयार होऊन हम येतो. दोन्ही उपकरणं एकाच, चांगल्या थ्री-पिन बोर्डावर घ्या. बऱ्याचदा तेवढंच पुरतं.

कळकळीने एक सांगतो. हम घालवायला अर्थिंगची पिन तोडू नका, तिच्यावर टेप गुंडाळू नका. कुणी अनुभवी साऊंडवाल्याने सांगितलं तरी नको. ती पिन जीव वाचवायला आहे. वर्तुळ तोडायचं असेल तर ऑडिओच्या बाजूने तोडा: आत ट्रान्सफॉर्मर असलेला डीआय बॉक्स किंवा ग्राउंड लूप आयसोलेटर लावून.

घरी वीज गेली की हम अचानक वाढत असेल तर तुमच्या इन्व्हर्टरचं आउटपुट चौकोनी लहरीचं असण्याची शक्यता मोठी. त्यात गेम बॉयचा काही दोष नाही. रेकॉर्डिंग वीज आल्यावर करा.

आणि आर्डुइनो, म्हणजे प्रोग्रॅम करता येणारा छोटा बोर्ड. एलएसडीजेला कॉम्प्युटरशी तालात चालवायला बरेच जण आर्डुइनोची सिंक पेटी बनवतात. ती यूएसबीने लॅपटॉपला जोडलेली, तिथून लिंक केबल गेम बॉयला, आणि गेम बॉयची ऑडिओ केबल परत त्याच लॅपटॉपच्या इंटरफेसला. हे अख्खं वर्तुळ झालं, हातात धरता येईल असं. पेटी पॉवर बँकेवर चालवा आणि सिंक पाच पिनांच्या मिडी केबलने (वाद्यं आणि कॉम्प्युटर एकमेकांना सूचना देतात ती) द्या. मिडीच्या इनपुटला ऑप्टोकपलर असतो, सिग्नल प्रकाशाने पलीकडे जातो, दोन ग्राउंड जोडलेच जात नाहीत. मिडी तयार करणाऱ्यांनी ही सोय मुळातच केलेली आहे, ती वाया घालवू नका.

केबल: थोड्या खर्चाची तपासणी

आवाज पोकळ आणि पातळ येतोय, दोन्ही बाजूंना वाजणारे चॅनल जवळजवळ गायब, आणि फक्त डावीकडे किंवा उजवीकडे पॅन केलेलंच नीट ऐकू येतं? मग तुम्ही स्टिरिओ केबल बॅलन्स्ड इनपुटात घातली आहे. ते इनपुट एका वायरीतून दुसरी वजा करतं. डावी आणि उजवी बाजू सारखी असेल तर उत्तर शून्य. गाणं शून्याजवळ गेलं की आपण गेन (इनपुटची पातळी) वाढवतो, आणि गेन वाढला की हम वर येतो. लोक हम शोधत बसतात आणि मूळ चूक केबलची असते. एका स्टिरिओ जॅकमधून दोन वेगळे मोनो जॅक निघणारी केबल घ्या, डावी एका इनपुटला, उजवी दुसऱ्याला. एम. जी. रोडवर कुठल्याही ऑडिओच्या दुकानात सहज मिळते. दुकानदाराला "एका स्टिरिओतून दोन मोनो" एवढं सांगा.

इनपुटही लाइनचं निवडा, माइकचं नाही. आणि गेम बॉयला एक्सएलआर केबलने स्टेजवरच्या मिक्सरला जोडण्याआधी फँटम पॉवर (मिक्सर माइकसाठी केबलमधून देतो ती वीज) बंद आहे ना, हे स्वतः बघा. कुणाला विचारू नका, स्वतः बघा. त्या ४८ व्होल्टसाठी गेम बॉयचा ऑडिओ मार्ग बनलेलाच नाही. वर लिहिलेली ती एकमेव खरोखर गेलेली चिप अशाच एका कार्यक्रमानंतर माझ्याकडे आली होती.

सेल, स्प्रिंग आणि पॉवर स्विच

हेडफोन थेट लावूनही हम राहिला तर इथून पुढे वाचा. माझा बहुतेक वेळ याच जागी जातो, म्हणून सविस्तर लिहितो.

डीएमजीला चार पेन्सिल सेल लागतात. किराणा दुकानात मिळणारे स्वस्त, साधे सेल हे झिंक-कार्बनचे असतात. त्यांचा अंतर्गत रोध जास्त असतो, मशीनने जरा जास्त करंट मागितला की व्होल्टेज खाली बसतं आणि ते हेलकावे आवाजात उतरतात. अल्कलाइन वापरा, किंवा चांगले रिचार्जेबल. रिचार्जेबलचे चार मिळून ४.८ व्होल्टच होतात, त्यामुळे बॅटरीचा लाल दिवा थोडा मंद दिसेल, पण मशीन नीट चालतं.

आता सेलच्या कप्प्यातल्या स्प्रिंगा बघा, उजेडात, भिंग घेऊन. घोटीहून आलेल्या त्या गेम बॉयच्या एका स्प्रिंगेवर मोरपिशी हिरवट थर होता, मिठासारखा दाणेदार, आणि तो स्प्रिंगेच्या सगळ्यात आतल्या वेढ्यात दडलेला होता. वरून बघितलं तर सगळं चकचकीत. तिकडचा पाऊस माहीत आहेच. चार महिने कपाटात पडलेल्या मशीनमध्ये सेल फुटला होता आणि कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

साफ करताना कुठला सेल फुटला होता हे महत्त्वाचं. अल्कलाइनमधून अल्क येतो, त्याला पांढरं व्हिनेगर लावायचं. झिंक-कार्बनमधून आम्लधर्मी पदार्थ येतो, त्याला खाण्याच्या सोड्याचं पाणी. उलटं लावलं तर गंज मरत नाही. कापसाच्या काडीने, थेंबाथेंबाने, आणि शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून पूर्ण कोरडं करायचं. धातूचा मुलामा उडाला असेल तर नवी स्प्रिंग लावा, घासून चमकवलेली स्प्रिंग पुढच्या पावसात पुन्हा गंजते.

नंतर वरचा पॉवर स्विच. मला कुणी एकच जागा सांगा म्हटलं तर मी हीच सांगेन. तीस-पस्तीस वर्षांत त्याच्या आतले पत्रे काळे पडतात. स्विच "चालू" असतो, दिवाही लागतो, पण मध्ये थोडा रोध उभा राहतो. बेसचा ठोका पडला, मशीनने करंट मागितला, की त्या रोधावर व्होल्टेज खर्ची पडतं. स्क्रीन फिकी पडणं, रीसेट होणं आणि आवाजात गुरगुर, तिन्ही लक्षणं या एकाच ठिकाणाहून येतात. गाणी पुसली जाण्याचा धोकाही इथेच.

सेल काढा. स्विचच्या फटीत आयसोप्रोपिलचे दोन थेंब सोडा आणि स्विच पंचवीस-तीस वेळा मागेपुढे करा. अर्धा तास वाळू द्या. पुन्हा एकदा करा. नंतर मल्टिमीटर असेल तर कार्ट्रिज स्लॉटवर मोजा: एका टोकाच्या पिनेवर ५ व्होल्ट, दुसऱ्या टोकाची पिन ग्राउंड. चालू मशीनवर ते ५ च्या जवळ स्थिर हवं. घोटीच्या गेम बॉयवर मला ४.५ दिसत होते आणि आकडा नाचत होता. स्प्रिंग बदलली, स्विच धुतला, आकडा ५.०२ वर थांबला आणि बर्ररही गेला. त्यात मी सोल्डर एकदाही वितळवलं नाही.

व्हॉल्यूमच्या चाकाची खरखर आणि हेडफोनच्या जॅकमधली एकच बाजू हीदेखील याच रोगाची भावंडं. कॉन्टॅक्ट क्लीनरचा एक छोटा फवारा, चाक टोकापासून टोकापर्यंत वीस-तीस वेळा, जॅकमध्ये पिन दहा-बारा वेळा आत-बाहेर. बस.

अ‍ॅडाप्टर वापरत असाल तर थांबा आणि ध्रुव तपासा. डीएमजीच्या अ‍ॅडाप्टरच्या पिनेचा मधला भाग ऋण असतो. आपल्या बाजारातले बहुतेक अ‍ॅडाप्टर मध्ये धन असलेले मिळतात. कन्सोलच्या पाटीवर लिहिलेले ६ व्होल्ट जुळले म्हणून पिन घालू नका.

मशीन उघडल्यावर

मागे सहा स्क्रू, तीन पाकळ्यांच्या खाचेचे, त्यातले दोन सेलच्या कप्प्यात. नेहमीचा चौफुली स्क्रूड्रायव्हर जबरदस्तीने वापरला तर खाच कायमची जाते, तीन पाकळ्यांचाच घ्या. दोन्ही अर्धे पातळ रिबन केबलने जोडलेले असतात, पुस्तकासारखे झटक्यात उघडू नका. आधी फटीतून बघा, रिबन सरळ रेषेत सोडवा. डिसेंबरच्या कोरड्या थंडीत लोकरीचा स्वेटर काढून बसा आणि सुरुवातीला एखाद्या मोठ्या धातूच्या वस्तूला हात लावा.

आता लाइन-आउटच्या वायरी बघा. गेम बॉयच्या स्वतःच्या अ‍ॅम्प्लिफायरला वळसा घालून, व्हॉल्यूमच्या पॉटपाशीच (चाकाखालच्या बदलत्या रेझिस्टरपाशी) डावी, उजवी आणि ग्राउंड अशा तीन वायरी काढून नव्या जॅकला नेल्या जातात. सगळ्यात जास्त चूक होते ती तिसऱ्या वायरीत. डावी-उजवी सगळे काळजीने लावतात, आणि ग्राउंड मात्र हाताशी असलेल्या बॅटरीच्या ऋण स्प्रिंगेवर टाकतात, कारण तिथे सोल्डर पटकन धरतं. पण त्या वाटेने अख्ख्या मशीनचा करंट परत जातो, स्क्रीनचा, प्रोसेसरचा, बॅकलाइटचा. त्या पट्टीवर जो बारीकसा व्होल्टेज चढतो-उतरतो, तो थेट तुमच्या आवाजात मिसळतो. ग्राउंड पॉटच्या स्वतःच्या ग्राउंड पायावरून घ्या, आणि तिथून एकच वायर जॅककडे. दोन आरसीए जॅक असतील तर त्यांची ग्राउंड आपापसांत जोडा, दोन वेगळ्या जागी नेऊ नका.

वायर दोन गाभ्यांची शिल्डेड असावी, आणि ती रिबनपासून आणि पॉवर कन्व्हर्टरच्या छोट्या बोर्डापासून जितकी लांब जाईल तितकी न्या. तो बोर्ड सेलच्या व्होल्टेजपासून मशीनचे ५ व्होल्ट तयार करतो आणि स्क्रीनसाठी उणे १९ च्या आसपासचं व्होल्टेजही. स्विचिंग करून करतो, म्हणजे तो स्वतःच एक छोटा गोंगाट करणारा कारखाना आहे. त्याच्या अंगावरून गेलेली साधी, लांबलचक, सैल वायर अँटेनाचं काम करते. वायरी छोट्या करणं हा माझ्या अनुभवात सगळ्यात दुर्लक्षित उपाय.

पॉटच्या पायांवर आयर्न तीन सेकंदांपेक्षा जास्त टेकवू नका. फ्लक्स लावा, टोक स्वच्छ ठेवा, एकदाच टेकवा.

बॅकलाइट नंतर बसवलेला असेल तर त्याची एक वायर सोडवून बघा. शिट्टी गेली तर उत्तर मिळालं. त्याला वीज देताना मध्ये छोटा रेझिस्टर आणि बॅकलाइटच्या धन-ऋणावर १०० मायक्रोफॅरड, १६ व्होल्टचा कपॅसिटर टाकला की त्याचा गोंगाट मुख्य वाटेवर कमी येतो. ध्रुव बघून लावा, कपॅसिटरच्या अंगावरची पट्टी ऋण बाजू दाखवते. नव्या आयपीएस स्क्रीनच्या किट दिसायला सुंदर असतात, पण त्या जास्त करंट खातात आणि गोंगाटही जास्त करतात. रेकॉर्डिंगसाठी मशीन ठेवणार असाल तर माझं स्पष्ट मत: मूळ स्क्रीन ठेवा.

लिथियम बॅटरी आणि तिचं व्होल्टेज वाढवणारा ५ व्होल्टचा स्वस्त बूस्ट बोर्ड टाकून केलेले गेम बॉय हल्ली फार येतात. कन्सोलच्या पाटीवर खप ०.७ वॅट लिहिलेला आहे, म्हणजे अगदी कमी. असे बूस्ट बोर्ड कमी लोडवर सतत न चालता थांबून थांबून धक्के देतात, आणि त्या धक्क्यांची गती कानाला ऐकू येणाऱ्या पट्ट्यात उतरते. वर लिहिलेली सरकणारी शिट्टी ती हीच. पेन्सिल सेल लावून बघा. शिट्टी गेली तर बूस्ट बोर्ड बदला किंवा सेलवरच राहा. चार्जिंग चालू ठेवून वाजवू तर नकाच.

एवढं सगळं करूनही ५९.७ आणि ९.२ किलोहर्ट्झवर बारीक रेघ राहते, ती मशीनची जन्मजात आहे. चांगल्या अवस्थेतल्या डीएमजीतही अगदी हळू ऐकू येते. ती गाण्याखाली जात असेल तर काम झालं, तिच्यामागे लागून बोर्ड खराब करू नका.

कपॅसिटर

स्लॉटवर व्होल्टेज बरोबर, ग्राउंड नीट, बॅकलाइट सोडवलेला, तरी बर्रर मोठाच? मग बोर्डावरचे जुने इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटर वाळले असण्याची शक्यता येते. तेवढीच क्षमता, तेवढंच किंवा जास्त व्होल्टेज, आणि १०५ अंशांचे घ्या. एका वेळी एकच बदला, प्रत्येकाआधी फोटो काढा. मुख्य बोर्डावरचे बदलायला हरकत नाही, पण यापूर्वी तुम्ही जुन्या, निकामी रेडिओवर निदान दहा-बारा कपॅसिटर काढून-लावून हात बसवलेला असेल तरच.

इथे थांबा

सॉकेटला अर्थिंग नसल्याची शंका आली, किंवा लॅपटॉपला, मिक्सरला हात लावून झिणझिण्या येतात, तर परवानाधारक वायरमनला बोलवा. भिंतीतल्या वायरिंगला हात लावू नका. हे गेम बॉयचं काम नाही, घराचं आहे, आणि ते आधी करून घ्या.

लिथियम बॅटरी फुगलेली, गरम लागणारी किंवा वास येणारी दिसली तर चार्जिंग तिथल्या तिथे बंद. टोचू नका, दाबून बसवू नका. मशीनपासून सोडवता येत असेल तर सोडवून मोकळ्या जागी ठेवा आणि जाणकाराकडे द्या.

पॉटचा पॅड उखडला, ट्रॅक उचलला गेला, तर पुन्हा पुन्हा तापवू नका. मोबाइलच्या बोर्डावर सूक्ष्मदर्शकाखाली काम करणारा चांगला माणूस बारीक तार टाकून ते वीस मिनिटांत जोडून देतो. तुम्ही आणखी दोनदा तापवलंत तर त्याच्यासाठीही काही उरत नाही.

कन्व्हर्टरच्या बोर्डावरचं ५ किंवा उणे १९ व्होल्ट चुकीचं दिसलं, तर दुरुस्तीऐवजी तो छोटा बोर्ड अख्खाच बदलून घ्या. आणि सगळी व्होल्टेज बरोबर असून एक बाजू पूर्ण मुकी असेल, केबल-जॅक-पॉट सगळं तपासून झालं असेल, तर दोष प्रोसेसरमध्ये असू शकतो, कारण आवाज तयार करणारा भाग त्याच्या पोटातच आहे. ते घरी होणारं काम नाही.

दुरुस्तीला देताना मशीनसोबत एक चिठ्ठी द्या. "हम येतो" एवढ्यावर कुणीही आधी कपॅसिटर बदलायला घेतो आणि तुमचे पैसे जातात. मी मुलांकडून अशी लिहून घेतो: "शिट्टी ९.२ किलोहर्ट्झवर. पेन्सिल सेलवर, फक्त हेडफोन लावूनही येते. स्प्रिंग आणि स्विच साफ केले. स्लॉटवर ४.९८ व्होल्ट, स्थिर. बॅकलाइटची वायर सोडवली तरी फरक नाही. दोन्ही अर्धे रिबनने जोडलेले आहेत, सरळ ओढून सोडवा. स्क्रीनजवळ हॉट एअर मारू नये. कार्ट्रिज माझ्याकडे आहे."